चार दशांश सेकंद

टीव्हीवर दाखवत होते त्या विमानात माणूस नव्हता. तरी ते विमान वळलं आणि प्रांजल मोहितेच्या हातातला घास ताटात पडला.

दुपारचे दीड वाजले होते. पाटणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत तिघं जेवायला बसली होती. प्रांजल, तिचे वडील हणमंतराव आणि आई मंगल. चार दिवसांपूर्वी सीमेवर झालेली चकमक बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा दाखवत होते. सीमा हवाई दलाच्या एका ‘सोबती’ला पुलावरून निघालेली शस्त्रांची गाडी उडवायचा हुकूम होता. सोबती म्हणजे वैमानिकाशिवाय उडणारं लढाऊ विमान. वर माणसाचं एक विमान असायचं आणि त्याच्या आगेमागे असे चार सोबती.

सोबती खाली आला. नेम धरला. आणि काहीच न झाडता डाव्या पंखावर कलला, पुलाखालच्या सावलीत वाकून बघावं तसा. मग डावीकडे दोन बारीक हिसके, एक फेरी, आणि पुन्हा वर. पुलाखाली कोरड्या पात्रात लग्नाच्या वऱ्हाडाची बस उभी होती. बसमध्ये त्रेचाळीस माणसं. शस्त्रांची गाडी पूल ओलांडून गेली तेव्हा सोबतीनं तिला पुढच्या माळावर गाठलं.

“यंत्रालाही विवेक असतो, हे आता सिद्ध झालं,” निवेदिका सांगत होती. सोबतीचा मेंदू बनवणाऱ्या श्येन सिस्टिम्स या कंपनीचे संचालक हसतमुखानं म्हणत होते, “हा संयम आमच्या प्रयोगशाळेत घडला आहे.”

“पप्पा, ती मी आहे,” प्रांजल म्हणाली.

“कोण? ती बातम्या देणारी?” आईनं विचारलं.

“ते वळण. ते माझं वळण आहे.”

हणमंतराव हसले नाहीत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कुंभार्ली घाटात एसटी चालवली होती. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांच्या चालीवरून ते ड्रायव्हरचं नाव सांगायचे. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि म्हणाले, “मोबाइलवर काढ. हळू करून दाखव.”

तीनदा बघितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“दोन हिसके. स्कूटी वळवताना तू असंच करतीस. मी शंभरदा ओरडलोय त्यावरनं.”

प्रांजलच्या कानशिलात रक्त ठणकायला लागलं. कारण हे वळण तिनं आयुष्यात एकदाच, चाचणीच्या विमानात, कुणाला करून दाखवलं होतं, आणि ज्यांना दाखवलं त्यांनीच तिच्या अर्जावर लाल शिक्का मारला होता.

ती गोष्ट पावणेतीन वर्षांपूर्वीची. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. सीमा हवाई दलात वैमानिक व्हायचं म्हणून तिनं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून तयारी केली होती. लेखी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, सगळं पार पडलं. शेवटी उरली नागपूरच्या निवड केंद्रातली यंत्रचाचणी. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक होण्याचा रस्ता कायमचा बंद.

चाचणी तीन दिवसांची होती आणि ती घेण्याचं कंत्राट श्येन सिस्टिम्सकडे होतं. चुंबकत्व अडवणाऱ्या धातूच्या एका खोलीत विमानाची हुबेहूब केबिन होती. डोक्यावर जड हेल्मेट चढवायचं आणि काचेवर दिसेल त्या आकाशात उडायचं.

हेल्मेट महत्त्वाचं होतं. आपला हात हलण्याच्या काही क्षण आधी मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते. त्या तयारीतून अतिशय क्षीण चुंबकीय स्पंदनं उठतात. पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे ती कोट्यवधी पटींनी दुबळी. पूर्वी ती मोजायला खोलीएवढं यंत्र आणि पिंपभर अतिथंड द्रव लागे. आता नखाएवढे संवेदक निघाले होते, आणि एका हेल्मेटमध्ये असे दोनशे बसत. कॅमेऱ्याला माणसानं काय केलं एवढंच दिसतं. हेल्मेटला माणूस काय करणार होता आणि आयत्या वेळी त्यानं काय केलं नाही, हेसुद्धा दिसतं. बोट घोडा दाबायला निघालं आणि थांबलं, तर ते थांबणंही नोंदलं जातं. या सगळ्या नोंदीला कंपनी ‘ठसा’ म्हणायची. उमेदवारांना सांगितलं होतं की ठसा फक्त गुण देण्यासाठी घेतात.

तिसऱ्या दिवशी प्रांजलसमोर एक पूल आला होता आणि पुलावर एक गाडी. हुकूम होता, उडव. तिचं बोट निघालं आणि थांबलं. का थांबलं हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लहानपणी सुट्टीत ती वडिलांच्या मागच्या सीटवर बसून चिपळूणपर्यंत जायची. घाटात प्रत्येक आंधळ्या वळणावर हणमंतराव अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडायचे. “वळणापलीकडं कुणी दिसत नाही म्हणजे कुणी नाहीच असं नसतं,” म्हणायचे. “आधी पाय सोडायचा, मग बघायचं, मग गाडी घालायची.” ती पंखावर कलली, पुलाखाली वाकून बघितलं, तिथं गुरं घेऊन चाललेली माणसं दिसली. तिनं फेरी मारून गाडी पुढे जाऊन टिपली.

तासाभरानं कागद हातात पडला. ‘निर्णयविलंब चार दशांश सेकंद. लढाऊ उड्डाणासाठी कायमस्वरूपी अपात्र.’

घरी आली तेव्हा स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर पेढ्यांची वाट बघत होते. हणमंतरावांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “यंत्राचं काय वैर आहे तुझ्याशी? माणूस वशिला लावंल, यंत्र कशाला खोटं बोलंल? आपली कुवत वळखावी.”

त्या एका वाक्यानंतर प्रांजल चार महिने त्यांच्याशी नीट बोलली नव्हती. पुढे तिनं उसावर औषध फवारणारा ड्रोन चालवायचं काम धरलं. आकाशाकडे बघायची ते ड्रोनपुरतं. आपण मुळातच मंद आहोत, हे तिनं मान्य करून टाकलं होतं.

आणि आता तोच मंदपणा टीव्हीवर विवेक म्हणून मिरवत होता.

तिनं कंपनीला चार ईमेल केले. उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळची पुण्याची गाडी पकडून ती हिंजवडीला कंपनीच्या दारात जाऊन उभी राहिली. वॉचमननं हटकलं. ती रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर गेली आणि हातात तो लाल शिक्क्याचा कागद उघडा धरून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी तीनच्या सुमारास पन्नाशीच्या एक बाई आतून आल्या आणि तिच्यापुढे थांबल्या.

“मी डॉ. शाल्मली रेगे. हेल्मेट मी बनवलंय,” त्या म्हणाल्या. “तुझं नाव प्रांजल मोहिते. खरं ना?”

“तुम्ही मला ओळखता?”

“तुझा चेहरा आज पहिल्यांदा बघतेय. पण तुला मी ओळखते.”

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागे दोघी बसल्या. रेगेबाईंनी चहा घेतला नाही, नुसता ग्लास हातात धरून ठेवला.

“यंत्राला मारायला शिकवणं सोपं असतं,” त्या म्हणाल्या. “कधी मारायचं नाही, हे शिकवता येत नाही. आम्ही नियम लिहून बघितले, हजारो नियम. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी काहीतरी वेगळंच समोर येतं. चांगल्या वैमानिकाला विचारलं की बाबा, तू का थांबलास, तर तो म्हणतो, तसं वाटलं. मग आम्ही ठरवलं, कारण विचारायचंच नाही. थांबतानाचा मेंदूच नोंदवायचा आणि यंत्राला त्याची नक्कल करायला लावायची. अठरा हजार उमेदवार तपासले. थांबणारे पुष्कळ निघाले, पण बहुतेक घाबरून थांबतात. तू बघायला थांबतेस. असे बारा मिळाले.”

“मग मला नापास का केलं?”

रेगेबाईंनी ग्लास खाली ठेवला.

“पास झालेला उमेदवार दलाचा अधिकारी होतो. त्याच्या ठशाला सेवाकायद्याचं संरक्षण मिळतं, त्याच्या संमतीशिवाय कंपनीला हात लावता येत नाही. नापास झालेल्याचा ठसा मात्र कंपनीचा. तू सही केलेल्या कागदाच्या एकतिसाव्या पानावर आहे ते.”

प्रांजलला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं आणि तिच्या हातातला ग्लास असा आपटला गेला की टपरीवाला वळून बघायला लागला.

“म्हणजे चांगली होते म्हणून नापास केलं?”

“बारा जणांचे निकाल वरून बदलून आले. सही संचालकांची आहे. त्यांच्याकडे गेलेली यादी मी केली होती. मला वाटलं, गुणवत्ता यादी मागताहेत.”

“आणि कळल्यावर?”

“कळल्यावर मी गप्प बसले.”

“का?”

“पोरी, त्या बसमध्ये त्रेचाळीस माणसं होती. माझं यंत्र चाललं, याचा मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?”

प्रांजल उठली. “मॅडम, माझे वडील मला म्हणाले, आपली कुवत ओळखावी. ते माझ्या बापाच्या तोंडचं वाक्य नव्हतं. तुम्ही त्याच्या तोंडात घातलंत ते. त्याची भरपाई कोणत्या पानावर लिहिलीय?”

रेगेबाईंनी पर्समधून एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत बारा नावं, मूळ गुण आणि बदललेले निकाल होते. “माझी नोकरी जाईल,” त्या म्हणाल्या. प्रांजलनं पाकीट उचललं. तिला त्यांची कीव आली नाही.

परतीच्या गाडीत तिनं यादी वाचली. सातवं नाव लिनेट डिसोझा, सावंतवाडी. नागपूरला तीन दिवस दोघी एका खोलीत होत्या. लिनेट सर्वांत लहान, जेमतेम एकोणीस वर्षांची, आणि उशाशी विमानांची चित्रं लावून झोपणारी. प्रांजलनं नंबर शोधून फोन लावला.

“मी एका कपड्यांच्या दुकानात असते आता,” लिनेट म्हणाली. “बरं चाललंय. विमानाची पुस्तकं चर्चच्या वाचनालयाला देऊन टाकली. आणि ऐक ना, तू गाडी चालवतेस का गं? मी बंद केली. त्यांनी लिहिलं होतं ना, माझ्यात उशीर आहे म्हणून. रस्त्यात कुणी मधे आलं आणि मला उशीर झाला तर?”

प्रांजलनं खिडकीबाहेर बघत दात आवळले. फोनवर तिनं त्या पोरीला काही सांगितलं नाही. अर्धवट सांगून चालणार नव्हतं. पण कराड येईपर्यंत तिची मूठ उघडली नाही.

तक्रार दलाकडे गेली, सोबत रेगेबाईंच्या कागदांच्या प्रती. तीन आठवड्यांनी कराडच्या शासकीय विश्रामगृहावर बोलावणं आलं. ती वडिलांना घेऊन गेली. समोर विंग कमांडर इंगवले होते, कोल्हापूरकडचे, डोळ्यांखाली काळं आलेला, थकलेला माणूस. त्यांनी हणमंतरावांना आधी खुर्ची दिली.

“चौकशी झाली,” ते म्हणाले. “तुमच्या मुलीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. निकाल बदलला हे दलाला माहीत नव्हतं. एक माणूस म्हणून मला लाज वाटते.”

“मग आता?” प्रांजलनं विचारलं.

“जागा तुमची आहे. प्रशिक्षणाची नवी तुकडी पंधरा तारखेला सुरू होतेय. तुम्हाला चोवीस पूर्ण होतात अठ्ठावीसला. वयाच्या अटीत बसताय, पण याच तुकडीत. पुढची सहा महिन्यांनी, तेव्हा नियमानं घेता येणार नाही.”

हणमंतरावांनी पुढे सरकून हात जोडले. प्रांजलनं त्यांचा हात धरून खाली केला.

“आणि?” ती म्हणाली.

इंगवल्यांनी एक करारपत्र पुढे सरकवलं. “ठशाच्या वापराला तुमची संमती. आणि गोपनीयता. बाकीच्या अकरा जणांबद्दल कुठेही बोलायचं नाही. सीमेवर रोज काहीतरी चालू आहे. कंपनीचं काम आत्ता बंद पडलं तर आम्हाला परवडणार नाही.”

“आणि मी संमती नाही दिली तर?”

“तर कायद्यानं तीस दिवसांत तुमचा ठसा काढावा लागेल. दोनशे दहा सोबती आज तुमच्या ठशावर उडताहेत. त्यांना दुसरा ठसा बसवावा लागेल. बाकीचे अकरा ठसे अजून उड्डाणाला तयार नाहीत. आमच्याच एका वैमानिकाचा तयार आहे. उत्तम वैमानिक, त्याची संमतीही आहे. फक्त…” ते थांबले. “तो थांबत नाही.”

“म्हणजे ती बस…”

“हो. गेली असती.”

प्रांजलनं करारपत्र मागे ढकललं. मग ती बोलायला लागली, आणि तिचा आवाज बाहेर व्हरांड्यातल्या शिपायापर्यंत गेला.

“साहेब, आधी मला सांगितलंत, तू थांबतेस म्हणून नालायक आहेस. आता सांगताय, तू थांबतेस म्हणून माणसं जगतात. दोन्ही वेळा सही मात्र माझीच पाहिजे! चोरी तुमच्या दारात झाली, आणि चोरीचा माल परत मागितला तर माणसं मेल्याचं पाप माझ्या डोक्यावर? कुणी शिकवला हो तुम्हाला हा हिशेब?”

“मी फक्त वस्तुस्थिती सांगतोय.”

“वस्तुस्थिती अशी आहे, की सावंतवाडीत एक पोरगी रस्त्यावर गाडी चालवायला घाबरतेय.”

इंगवल्यांनी करारपत्र फायलीत परत ठेवलं. त्यांनी आठवड्याची मुदत दिली.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि कणीक मळता मळता म्हणाली, “जागा घे. रागाचं काय लोणचं घालायचंय? इतकी वर्षं रडलीस त्या जागेसाठी. एकदा आत गेलीस म्हणजे तुला कोण हलवतंय? मोठी अधिकारी हो आणि मग काढ त्या अकरा जणांचं.”

“तोवर त्यांचं वय गेलेलं असेल, आई.”

“आणि तुझं वय? ते गेलं तर कोण परत देणार?”

आईचं चुकत नव्हतं. पुढचे पाच दिवस प्रांजल उसाच्या फडावर ड्रोन उडवत होती आणि सतत त्या जागेचा विचार करत होती. तिला ती जागा हवी होती. अगदी लहान मूल खाऊ मागतं तशी हवी होती. खरं विमान, खरं आकाश, आणि चहूबाजूंनी चार सोबती, चारही तिच्याच हातानं वळणारे. जगात कुठल्या वैमानिकाला असं मिळालं असेल? डोळे मिटले की तिला ते दिसायचं, आणि दिसलं की स्वतःचाच संताप यायचा. चोरानं आपलाच दागिना आपल्या गळ्यात घालून आरसा पुढे धरावा, आणि आपण लाजून हसावं, असं तिला वाटायचं.

सहाव्या दिवशी सकाळी हणमंतराव बांधावर येऊन तिच्याशेजारी बसले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

“त्या दिवशी मी म्हणलो, यंत्राचं तुझ्याशी वैर नाही,” ते म्हणाले. “नसतंच यंत्राचं. पण यंत्रामागं कोण बसलंय, हे मी बघायला पायजे होतं. अठ्ठावीस वर्षं लोकांना शिकवलं, वळणापलीकडं बघा. आणि घरच्या पोरीच्या बाबतीत डोळं झाकून गाडी घातली.” त्यांनी हातातली तंबाखू झटकली. “मला राग येतोय, प्रांजल. माझाच मला.”

“मलाही तुमचा राग आहे, पप्पा,” ती म्हणाली. “अजून आहे.”

“असू दे. तो ठेव. पण एक सांगतो. जायचं असंल तर मी स्वतः नागपूरपर्यंत सोडायला येतो, मागं बघायचं नाही. जायचं नसंल तर मला, आईला किंवा त्या साहेबाला दाखवायला नको म्हणू नको. तुला नको असंल तरच नको म्हण.”

त्या दुपारी तिनं तालुक्याच्या सायबर कॅफेत बसून पत्र लिहिलं. तेरा प्रती काढल्या. अकरा पाकिटं अकरा पत्त्यांवर रजिस्टर्ड पोस्टानं गेली, सोबत ज्याचे त्याचे मूळ गुण. बारावी प्रत तिनं एका वर्तमानपत्राला पाठवली. तेरावी घेऊन दुसऱ्या दिवशी ती कराडला गेली.

इंगवल्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं. लिहिलं होतं ते थोडक्यात असं. माझ्या ठशाच्या वापराला मी संमती देते, कारण तो काढला तर माणसं मरतील. त्याबदल्यात मला जागा नको आणि गोपनीयता मान्य नाही. अटी तीन. बाराही जणांच्या निकालावरचा ‘अपात्र’ शेरा काढावा. ठसा ज्याचा त्याच्या नावानं ओळखला जावा, कंपनीच्या नावानं नाही. आणि माझ्या ठशावर चालणाऱ्या सोबतीनं माणसावर हल्ला केला, तर चोवीस तासांत मला कळवावं.

“पोस्टात टाकून आलात?” त्यांनी विचारलं.

“हो. काल.”

“पंधरा तारीख हातची गेली, हे समजतंय ना?”

“समजतंय.” तिनं हात पाठीमागे धरले.

इंगवल्यांनी पुन्हा पत्राकडे बघितलं. “पहिल्या दोन अटी कळल्या. तिसरी कशाला? उगाच डोक्याला त्रास. झोप लागणार नाही तुम्हाला.”

“नाही लागली तर नाही लागली. तुम्हाला लागते?”

त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

पुढचे दोन महिने गदारोळ झाला. श्येन सिस्टिम्सचे संचालक आधी म्हणाले की कागद बनावट आहेत, मग म्हणाले की प्रकृतीच्या कारणानं पद सोडत आहे. कंपनीचं चाचणीचं कंत्राट गेलं. रेगेबाईंनी समितीपुढे साक्ष दिली आणि त्यांचीही नोकरी गेली. दलानं तिन्ही अटी मान्य केल्या. बारांपैकी तिघं अजून वयात बसत होती. त्यात लिनेट होती. तिनं फोन करून आधी पाच मिनिटं नुसतं रडून घेतलं आणि मग सांगितलं, “प्रांजल, मी आज बाजारातून गाडी चालवत आले.”

प्रांजलचं पत्र सगळ्यात शेवटी आलं. ‘लढाऊ उड्डाणासाठी पात्र.’ खाली बारीक अक्षरात, ‘वयोमर्यादा उलटल्याने प्रवेश देता येत नाही.’ तालुक्यात तिचा सत्कार ठेवला गेला. पुढारी म्हणाले, केवढा हा त्याग! प्रांजलनं माइक हातात घेतला आणि म्हणाली, “त्याग मी केलेला नाही. माझी चोरी झालीय. शाल नको, नारळ नको, एवढं फक्त नीट बोला.” आणि खाली उतरली. मंडपात कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. हणमंतराव मात्र पहिल्या रांगेत उठून उभे राहिले आणि मंडपातून बाहेर पडेपर्यंत तिच्यामागे चालत गेले.

पहिला संदेश फाल्गुनात आला. सकाळची वेळ होती, ती फडाच्या कडेला ड्रोनच्या टाकीत औषध ओतत होती. मोबाइल वाजला.

‘सोबती क्रमांक ८८. ठसा: प्रांजल हणमंत मोहिते. हल्ला: होय. मृत: दोन व्यक्ती.’

तिनं कॅन खाली ठेवला. औषध थोडं सांडलं होतं, त्यावर माती ओढली. मग बांधावर बसली. बघायला थांबलं असेल ना ते? थांबलं असणार, ठसा तिचाच होता. म्हणजे थांबलं, बघितलं, आणि तरीही मारलं. तिथं ती असती तर तिनंही मारलं असतं, असाच याचा अर्थ होता. तिला तो अर्थ कुणावरही ढकलता येईना.

तिनं उत्तर लिहिलं, ‘त्या दोघांची नावं कळवा.’

संध्याकाळी परत संदेश. ‘अशी माहिती देण्याची तरतूद नाही.’

दुसऱ्या दिवशी तिनं तेच वाक्य पुन्हा पाठवलं. तिसऱ्या दिवशीही. आई म्हणाली, कशाला जिवाला घोर लावून घेतेस. हणमंतराव रोज सकाळी फक्त विचारायचे, “आज पाठवलंस?”

नवव्या दिवशी इंगवल्यांचा फोन आला. ती फडावरच होती.

“मोहिते, सगळी नोंद मी स्वतः तपासली,” ते म्हणाले. “दोघंही शस्त्रं घेऊन आले होते. शत्रू होते. तुमच्या ठशानं काहीही चूक केलेली नाही.”

“मी चूक झाली म्हटलंच नाही. नावं विचारतेय.”

“काय करणार नावं घेऊन?”

“ते मला अजून माहीत नाही. पण ज्यांना मारलं त्यांची नावंही माहीत नकोत, असं सोपं मी कुणाला होऊ देणार नाही. तुम्हाला नाही, आणि मलाही नाही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“खरं सांगू?” इंगवले म्हणाले. “नावं मलाही माहीत नाहीत. कुणालाच नाहीत. कुणी विचारतच नाही.”

“मग शोधा, साहेब,” प्रांजल म्हणाली. “उद्या परत विचारते.”

तिनं फोन खिशात टाकला, टाकीचं झाकण घट्ट बसवलं आणि ड्रोन उसावर सोडला.